तांब्याच्या पत्र्यावर डच जहाज: गोव्याच्या पावसाळ्यात एचिंग

सतराव्या शतकात डच जहाजांनी मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी केली होती. तसलं जहाज कोरायचं तर त्याच काळातल्या डच चित्रकार रेनिएर नूम्सची चित्रं आधी निरखा. तो स्वतः खलाशी होता, त्याची दोरी कुठेही उगाच लोंबत नाही.

१० × १५ सेंमीचा, १ मिमी जाडीचा तांब्याचा पत्रा घ्या. कडा कानशीने तिरप्या करा, नाहीतर छापताना कागद फाटतो. पत्रा खडूपूड आणि अमोनियाने घासा. पाणी थेंब न धरता सपाट पसरलं की तेलकटपणा गेला. मगच ग्राउंड, म्हणजे द्रावणाला अडवणारा मेणचट थर, लावा.

छाप उलटा येतो, म्हणून ट्रेसिंग पालथं घालून उतरवा आणि त्या रेषांवरचा ग्राउंड सुईने खरवडा. वाऱ्याची दिशा आधी ठरवा. मागून वारा असेल तर शिडं पुढे फुगतात आणि निशाणही पुढेच फडफडतं. इथेच बहुतेक चुकतात.

तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराईडच्या द्रावणात पत्रा पालथा, चार कोपऱ्यांना आधार देऊन ठेवा. उताणा ठेवला तर गाळ रेषांत बसतो. साधारण १० मिनिटांनी काढून धुवा, वाळवा, दूरचं क्षितिज आणि बारीक दोरखंड वार्निशने झाका. बाकी डोलकाठ्या व जहाजाचा सांगाडा आणखी २०-३० मिनिटं. द्रावण जुनं झालं की वेळ वाढतो, म्हणून आधी तुकड्यावर चाचणी घ्या. हातमोजे विसरू नका.

जूनपासून दमट हवेत भिजवलेला कागद तसाच ठेवून दिला की बुरशी धरू शकतो. छापायच्या दिवशीच भिजवा.