नवे ब्रेक पॅड टाकले आणि गाडी किंचाळायला लागली?

पुण्याच्या नाना पेठेतून नवे पॅड आणून टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सिग्नलला गाडी थांबताना असा काही 'चीं' आवाज, की शेजारचा रिक्षावाला वळून बघतो. लगेच पॅडला शिव्या देऊ नका. बहुतेक वेळा पॅड अजून डिस्कवर घासून नीट बसलेलेच नसतात. पहाटे रिकामा रस्ता गाठा, ताशी ४०चा वेग धरा आणि ब्रेक हळूहळू दाबत १०वर आणा. पूर्ण थांबू नका. मध्ये थोडं अंतर गाडी पळवून डिस्क गार होऊ द्या. असं १५-२० वेळा.

तरीही आवाज आला तर पॅड काढा. वरचा थर काचेसारखा चमकत असेल, तर १२० नंबरचा पॉलिश पेपर फरशीवर पसरून पॅड त्यावर घासा, चमक जाऊन मळकट दिसेपर्यंत. तोंडाला रुमाल बांधा, ती धूळ वाईट. कडाही जराशा तासा. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना सुकल्या असतील तर पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, आणि जुन्या पॅडमागची पातळ पत्र्याची शिम गॅरेजच्या कचऱ्यात तर गेली नाही ना, तेही बघा. डिस्कही ब्रेक क्लीनरने पुसा.

आवाज घालवायला डिस्कवर तेल मारणारे महाभाग मी पाहिलेत. आवाज जातो खरा, सोबत ब्रेकही जातो! तेल प्यायलेले पॅड सरळ फेका.

सगळं जोडल्यावर, गाडी हलवण्याआधी, ब्रेक लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहा.