गावाहून सायकल आणताय? थोडं ऐकून घ्या

सायकल आणा, त्याबद्दल दुमत नाही. ट्रॅव्हल्सवाला डिकीत टाकायचे चार पैसे जास्त मागेल, द्या. मी सांगलीकडची. आमच्याकडे शाळा, मळा, दळण, बाजार सगळं सायकलवर व्हायचं. सायकल हे वाहन आहे की नाही, असा प्रश्नच कुणाला पडला नाही. मुंबईत आल्यावर आधी हे पचवायचं की इथे तिची दोनच रूपं लोकांना ठाऊक आहेत. एक रविवारचा व्यायाम: पहाटेचा मरीन ड्राइव्ह, चकचकीत हेल्मेट, लाखाची सायकल. दुसरं पोटापाण्याचं ओझं: पाववाला, दूधवाला, इडलीवाला, डबेवाला. रोज साडेनऊला सायकलवर ऑफिस गाठणारा माणूस यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. रस्ता आखणाऱ्याच्या हिशेबात तो नाही आणि बातमी लिहिणाऱ्याच्याही नाही. तुम्ही नेमके तोच होणार आहात, म्हणून हा प्रपंच.

आधी नकाशा. मुंबईत जे जे नवं, रुंद आणि गुळगुळीत, ते सायकलला बंद असं धरून चाला, फारसं चुकणार नाही. वांद्रे-वरळी सी लिंक २००९ पासून सुरू आहे. तिथे दुचाकी, रिक्षा, सायकल, पादचारी कुणालाच जाता येत नाही. जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, तिथेही सायकलला मज्जाव. कोस्टल रोडवर सुमारे १४ हजार कोटी खर्च झाले, मार्च २०२४ पासून गाड्या धावू लागल्या, पण त्या बोगद्यात आपण जायचं नाही. जे. जे. उड्डाणपुलावर तर मोटारसायकलही चालत नाही. कारण सुरक्षेचं सांगतात. समुद्रावरच्या वाऱ्यात भन्नाट सुटलेल्या गाड्यांच्या शेजारी सायकल नको, हे मलाही पटतं. पण एवढे पैसे ओतताना कडेला कठडा घालून एक वेगळी पट्टी ठेवता आली असती, ती कुणाला सुचली नाही. त्यामुळे वांद्र्याहून वरळीला जायचं तर तुमच्या वाट्याला माहीम कॉजवे आणि पुढे कॅडल रोड, म्हणजे आताचा सावरकर मार्ग, सिद्धिविनायकावरून. मंगळवारी तिथे पहाटेपासून रांगा असतात. तेवढा वार सोडून दुसरा रस्ता बघा.

"पण मुंबईत सायकल ट्रॅक आहेत ना?" आहेत, होते, होणार आहेत. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसांच्या भागात, एमएमआरडीए या मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने २०११ च्या सुमारास ट्रॅक केला. कुर्ला स्टेशनबाहेर तिकडे जायच्या शेअर रिक्षासाठी जी मारामारी चालते ती तुम्ही लवकरच बघाल. आम्हाला वाटलं, चला, यातून सुटलो. प्रत्यक्षात त्या पट्टीवर साहेबांची वाट बघणाऱ्या गाड्या उभ्या असायच्या, ड्रायव्हर सीट मागे पाडून झोपलेला, एसीचं पाणी खाली टपकतंय. आपण घंटी वाजवून वाजवून शेवटी रस्त्यावरच उतरायचं. ट्रॅक कुणी वापरत नाही म्हणून २०२५ मध्ये तो काढून गाड्यांना लेन वाढवून द्यायचं ठरलं. वापरत नव्हतं हे खरंच आहे. वापरणार कुठून, हे विचारलेलं मात्र माझ्या तरी वाचनात आलं नाही.

पवई तलावाच्या काठचा ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि झालेलं बांधकाम काढायला सांगितलं. माझ्या मते कोर्टाचं बरोबर होतं. तलावाला फेरी मारायला ट्रॅक मागितला होता कुणी? रोज जाणाऱ्याला हवी होती ती जेव्हीएलआरच्या, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या कडेला हातभर सुरक्षित जागा. पण वाद असा रंगला की जणू सायकलवाले एका बाजूला आणि तलावातल्या मगरी दुसऱ्या. आम्ही फुकटचे पर्यावरणाचे शत्रू ठरलो. तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंडपासून शीवपर्यंत महापालिकेने आखलेल्या मार्गाचे काही तुकडे झाले. तिथे सकाळी लोक चालायला येतात. मरीन ड्राइव्हवर २०१७ मध्ये ट्रॅक सुरू झाला तो रविवार सकाळपुरता. कोस्टल रोडच्या कडेचा विहारपथ ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला, संध्याकाळी फिरायला फार छान आहे. यातलं सूत्र लक्षात आलं का? बीकेसी सोडलं तर सगळी आखणी पाण्याच्या कडेने. घरापासून स्टेशनपर्यंत, स्टेशनपासून कामापर्यंत न्यायचं कुणाच्या मनात नाही. ट्रॅकच्या भरवशावर खोली घेऊ नका, एवढंच सांगते.

पेपरात आणि चॅनेलवर सायकल कधी दिसते, त्याचंही वेळापत्रक आहे. ३ जूनला, जागतिक सायकल दिनाला, नव्या टी-शर्टातले अधिकारी हिरवा झेंडा दाखवताना. पेट्रोल भडकलं की विधानभवनाच्या दिशेने पेडल मारणारे आमदार, मागे त्यांच्याच गाड्यांचा ताफा. मग डबेवाले, पांढरी टोपी, हँडलला लटकलेले डबे. या फोटोला मरण नाही. आणि वर्षातून एखाद-दुसरा नवखा डिलिव्हरीवाला मोबाइलच्या नकाशाच्या नादाने सी लिंकवर चढतो, कुणीतरी गाडीतून त्याचा व्हिडिओ काढतं आणि तो दिवसभर फिरतो. "बघा, कसा घुसला!" त्याला चढण्याआधी फाटा कळेल असा फलक होता का, याची चौकशी करायला कुणी जात नाही.

अपघाताच्या बातमीत हा फरक जास्त बोचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी नेरूळला पाम बीच मार्गावर पहाटे सायकल चालवत होते. मागून आलेल्या कॅबने उडवलं आणि ते गेले. पेंटियम प्रोसेसरवरच्या त्यांच्या कामापासून सगळं छापून आलं, आणि यायलाच हवं होतं. पण तशाच पहाटे, तशाच धडकेत पाववाला गेला तर आतल्या पानावर तीन ओळी येतात: अज्ञात वाहनाची धडक, सायकलस्वार जागीच ठार, पोलीस तपास करत आहेत. शेवटी जागा उरली तर "त्याने हेल्मेट घातले नव्हते". कायद्याने सायकलला हेल्मेट सक्तीचं नाही. तरी घाला. डोक्यासाठी घालाच, आणि ते वाक्य कुणाला लिहिता येऊ नये म्हणूनही.

चालवायचं शिकायचं ते मात्र याच पाववाल्याकडून. रविवारच्या ग्रुपकडे माहिती चांगली असते, पण रिकाम्या रस्त्याची. सकाळी सहाच्या सुमाराला तुमच्या गल्लीतला पाववाला बघा. मागच्या कॅरियरला भलामोठा पेटारा, वर निळं प्लास्टिक, एक हात ब्रेकवर. उभ्या गाड्यांपासून तो कायम हात-दीड हात लांब असतो, कारण गाडीचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. रिक्षा पुढे असेल तर तिच्या मागच्या चाकाकडे बघतो. प्रवाशाने हात केला की रिक्षा सिग्नल न देता डावीकडे वळणार, हे त्याला तिच्या आधी कळतं. बेस्टची बस आणि फूटपाथ यांच्या मधल्या फटीत तो कधी शिरत नाही. मोठ्या नाक्यावर सरळ उतरतो आणि लोकांबरोबर चालत पलीकडे जातो. यात लाज कसली? धारावी-माटुंग्याकडचा इडलीवाला तर हँडलला रबरी भोंपू लावतो. ती पॉं-पॉं गिऱ्हाइकासाठी असते, पण गाडीवाले तिला वचकतात. आपल्या सायकलच्या नाजूक टिंगटिंगला बंद काचेआडचं कुणी विचारत नाही.

सायकल कोणती, हाही त्याच शाळेतला धडा. बारीक टायरची रेसिंग सायकल असेल तर ती गावीच राहू दे. इथल्या पावसाच्या पाण्याच्या जाळ्या बघा: कित्येक ठिकाणी पट्ट्या आडव्या न बसवता रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवल्यात, त्या फटीत बारीक चाक अलगद अडकतं. जाळी नेहमी तिरपी ओलांडा. पेव्हर ब्लॉकचा रस्ता आणि काँक्रीटचा रस्ता जिथे मिळतात तिथे दोन-तीन बोटांची पायरी असते. मेट्रोच्या कामावर खड्ड्यांवर टाकलेल्या लोखंडी प्लेटा पहिल्या सरीनंतर तेल ओतल्यासारख्या होतात; त्यांच्यावर ना ब्रेक मारायचा ना वळायचं. आणि साचलेल्या पाण्यात सायकल घालायची नाही, मग पाणी घोट्याएवढं का असेना. २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात प्रभादेवीला एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, आणि ते तर पायी चालत होते. खाऱ्या हवेने चेन गंजते, पावसाळ्यात आठवड्याला तेल हवंच. मागे लाल दिवा लावा; नुसत्या रिफ्लेक्टरवर भागत नाही.

सायकल ठेवायची कुठे, हे खोलीचं डिपॉझिट देण्याआधी विचारा. लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे भाडेकराराच्या कागदावर पार्किंगचा रकाना गाडीचा असतो. सोसायटीच्या जिन्याखाली पाच-सात धुळकट सायकली दिसल्या म्हणजे तिथे जागा आहे असं नाही. त्या मुलं मोठी झालेल्या घरांच्या असतात आणि सेक्रेटरी त्यांच्यावरून आधीच वैतागलेला असतो. ऑफिसचं वेगळंच. माझ्या एका जुन्या ऑफिसात आयकार्ड गळ्यात असूनही वॉचमन रोज म्हणायचा, "डिलिव्हरी मागच्या गेटने." त्याचा तरी काय दोष? सायकलवरून पुढच्या गेटने येणारा कर्मचारी त्याला कुणी दाखवलाच नव्हता. ॲडमिनकडून एक मेल घ्या, त्याची प्रिंट चौकीत लावून घ्या. भांडण्यापेक्षा ते लवकर होतं.

बिल जपून ठेवा, सेकंडहँड घेतली तरी लिहून घ्या. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून देतील आणि विषय संपला. त्याहून महागाची असेल तर किंमत दाखवणारा कागद हातात हवा. पेडलजवळ नळ्या जिथे मिळतात तिथे खालून फ्रेमचा नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही, पीयूसी नाही. सायकलची ओळख सांगणारा तेवढाच एक आकडा आहे.

आणि ते "अज्ञात वाहन" फक्त बातमीत नसतं, कायद्यातही असतं, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली भरपाई मिळते: एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे करायचा. गाडी सापडली तर तिच्या थर्ड पार्टी विम्यातून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागायचं, ती रक्कम याहून मोठी असू शकते. दोन्हीकडे कागद लागतात. म्हणून दवाखान्यात "पडलो" म्हणू नका, रस्ता अपघात म्हणून नोंद करून घ्या. पंचनामा होईपर्यंत वाकडी सायकल दुरुस्तीला टाकू नका. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

लोकलच्या साध्या डब्यात सायकल चढवायचा विचारही करू नका, मालडब्यातही गर्दीच्या वेळी तुम्हाला कुणी उभं करणार नाही. मेट्रोच्या २ए आणि ७ मार्गांवर मात्र डब्यात सायकलसाठी खास जागा आहे, लिफ्टने वर नेता येते. दहिसर-अंधेरी पट्ट्यात खोली मिळाली असेल तर तुमचं नशीब. सुट्टीच्या दिवशी वर्सोव्याहून मढला जाणारी बोट सायकल घेते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोवरही ती चढते, आणि मांडव्यापासून अलिबागपर्यंत मग आपल्या गावासारखा रस्ता आहे. पावसाळ्यात बोटीच्या वेळांचा भरवसा नसतो, आधी फोन करून निघा.