बडोद्याहून परदेशी निघालात? तिकडच्या जिमची सवय इथूनच लावा

बडोद्यातल्या बहुतेक जिममध्ये सेट संपला की प्लेटा बारवर तशाच राहतात. त्या काढायला पोरगा असतो, चुकलं तर सांगायला ट्रेनर असतो आणि शेवटच्या दोन रेपला (आवर्तनांना) मित्र हात लावतो. जर्मनी, अमेरिका, इंग्लंडमध्ये ही तिन्ही कामं तुमचीच. म्हणून व्हिसा हातात आला की उरलेला महिना इथल्याच जिममध्ये तिकडच्या रीतीने काढा.

आधी वजनाचा हिशेब, कारण तो चुकला की दुखापत होते. आपल्याकडे ‘वीस-वीसने मारतो’ म्हणतात, म्हणजे दोन्ही बाजूंना २० किलोची प्लेट. बार कुणी मोजत नाही. तिकडे आकडा बारसकट सांगतात. ऑलिम्पिक बार २० किलोचा, तेव्हा तुमचे वीस-वीस म्हणजे ६०. आजपासून वहीत बारसकट लिहा.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पौंड. बार ४५ पौंडांचा, प्लेटा ४५, ३५, २५, १०, ५ आणि २.५ च्या. किलोला २.२ ने गुणायचं, बार वजा करायचा, उरलेल्याचे दोन भाग करायचे. ५० किलो हवे असतील तर ११० पौंड. त्यातून बार गेला की ६५. म्हणजे एका बाजूला ३२.५, अर्थात २५, ५ आणि २.५ ची एकेक प्लेट. दोन्ही बाजूंना ४५ ची एकेक प्लेट म्हणजे १३५ पौंड, साधारण ६१ किलो. स्मिथ मशीनवरचा (ज्यात बार उभ्या रुळांवर सरकतो) आकडा मात्र मोकळ्या बारवर तसाच नेऊ नका. बऱ्याच स्मिथ मशीनचा बार आतल्या प्रतिभाराने हलका केलेला असतो.

प्लेटा काढताना एकदा डावी, एकदा उजवी. एका बाजूच्या सगळ्या आधी काढल्या तर बार दुसऱ्या बाजूला उलटतो, आणि शेजारचा माणूस नेमका तिथेच उभा असतो. प्लेट ज्या खुंटीवरून घेतली तिथेच परत. ही बाब तिकडे शिष्टाचाराची पहिली पायरी आहे, आणि ज्याने आखाड्यात सराव संपल्यावर मुद्गल जागेवर ठेवलेत त्याला ती परकी वाटायला नको.

मशीन कुणी अडवलेलं दिसलं तर नुसतं जवळ उभं राहू नका. ‘हाऊ मेनी सेट्स लेफ्ट?’ असं विचारा. जर्मनीत ‘वी फीले झेत्से हास्ट दू नोख?’ चालतं, जिममध्ये अनोळखी माणसालाही ‘दू’ म्हणतात. आलटून-पालटून करायचं असेल तर अमेरिकेत ‘कॅन आय वर्क इन?’. सपोर्ट मागताना किती रेप मारणार, बार उचलून द्यायचा का आणि हात कधी लावायचा, हे तिन्ही आधीच सांगा. आपल्याकडे सपोर्ट देणारा पहिल्या रेपपासून बारला बोटं लावून ‘चल, चल’ करतो. तिकडे न मागता बोट लागलं की तो रेप धरतच नाहीत आणि माणूस खट्टू होतो. अनोळखी माणसाला फॉर्म (व्यायामाची पद्धत) सुधारून सांगायलाही जाऊ नका.

जर्मनीत टॉवेलशिवाय बऱ्याच जिममध्ये प्रवेशच नाही. हातरुमाल पुरत नाही. डोक्यापासून कमरेपर्यंत बेंच झाकेल एवढा न्या. बूट फक्त जिमचे, पिशवीतून नेलेले. जपानमध्येही आतले बूट वेगळे, आणि अनेक जिममध्ये गोंदण दिसलेलं चालत नाही. जर्मन सौनात (घाम काढायच्या गरम खोलीत) सहसा पोहण्याचे कपडेही चालत नाहीत. टॉवेलवर बसायचं, लाकडाला घाम लागू द्यायचा नाही. संकोच वाटत असेल तर सौना सोडून द्या, कुणी काही म्हणत नाही. व्हिडिओ काढताना मागे दुसरं कुणी दिसत असेल तर काढू नका.

पैशांचं. इथे वर्षाची फी घासाघीस करून भरतात. तिकडे दर महिन्याला खात्यातून कापली जाते. जर्मनीत करार अनेकदा १२ किंवा २४ महिन्यांचा असतो. १ मार्च २०२२ पासूनच्या करारांना पहिली मुदत संपण्याआधी एक महिना नोटीस पुरते, पण मुदतीच्या आत परत यायचं ठरलं तर सहज सुटका नाही. दोनच सेमिस्टर राहणार असाल तर ‘होखशूलश्पोर्ट’, म्हणजे विद्यापीठाचा स्वतःचा खेळ-व्यायामाचा कार्यक्रम, घ्या. अमेरिकेत कॅम्पसच्या जिमची फी बहुधा विद्यापीठाच्या फीतच धरलेली असते. बाहेर पैसे भरण्याआधी ती पावती वाचा. इंग्लंडमध्ये प्युअरजिमसारख्या साखळ्या करार न करता महिन्यावर चालतात, आत जायला स्वतःचा कोड लागतो. त्या कोडवर मित्राला आत घेतलंत तर सदस्यत्व जाऊ शकतं.

दंड-बैठका बिनधास्त काढा, चटईच्या कोपऱ्यात. जुम्मादादा आणि माणिकराव या व्यायामगुरूंच्या गावचा व्यायाम लपवायचं कारण नाही. आपलेच मुद्गल इंग्रजांनी युरोपात नेले आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये त्यांची स्पर्धाही झाली. मुद्गल फिरवायचे असतील तर आरशापासून आणि माणसांपासून हात लांब करून मुद्गलासह जेवढं अंतर होईल त्याहून एक पाऊल जास्त ठेवा, आणि आधी काउंटरवर विचारा.