ढाल, अंगठी, मंत्र: आर्मर क्लासची बेरीज कशी करावी

आमचा गट दर दुसऱ्या रविवारी गोरेगावला माझ्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, पात्र रंगवत खेळायचा खेळ खेळायला जमतो. मेगाब्लॉक असला की मुलुंडचे दोघं तासभर उशिरा पोचतात आणि खेळायला जेमतेम चार तास उरतात. त्यातली वीस मिनिटं ‘ताई, माझा आर्मर क्लास नक्की किती?’ यात गेली की माझा जीव तुटतो. आर्मर क्लास म्हणजे शत्रूच्या फाशाची बेरीज जिथवर पोचली की वार लागतो तो आकडा. या गोंधळाच्या मुळाशी दोन सल्ले असतात. एक, ‘शीटवर (पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर) दिसेल तो प्लस मिळवत जा.’ दुसरा, ‘जादूवर जादू चढत नाही, सगळ्यात मोठा एकच आकडा धर.’ नव्या खेळाडूंना हे दोन्ही सल्ले मोठ्या आत्मविश्वासानं दिले जातात आणि दोन्ही चूक आहेत.

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची २००३ची ३.५ आवृत्ती खेळतो, म्हणून हिशेब तिचा सांगते. पाचव्या आवृत्तीचं शेवटी.

पायरी १. दहा लिहा आणि त्यात डेक्स्टेरिटीचा, म्हणजे चपळाईचा, आकडा मिळवा. चिलखताची कमाल मर्यादा पाळा. फुल प्लेटमध्ये (अंगभर लोखंडी चिलखतात) +१च्या वर काही मिळत नाही.

पायरी २. प्रत्येक बोनसपुढे त्याचा प्रकार लिहा. वस्तूचं नाव नको, मंत्राचं नको, कोणत्या देवाची कृपा तेही नको. फक्त प्रकार: आर्मर, शील्ड, नॅचरल आर्मर, डिफ्लेक्शन, डॉज. मंत्राच्या किंवा वस्तूच्या वर्णनात हा शब्द दिलेला असतो. तो वाचल्याशिवाय बेरजेला हात लावू नका.

पायरी ३. एका प्रकाराची एकच खुंटी समजा. तिच्यावर दोन गोष्टी टांगल्या तर मोठी तेवढी मोजायची. पावसात दोन छत्र्या एकावर एक धरून कोणी कमी भिजत नाही. छत्री आणि रेनकोट मात्र दोन्ही उपयोगी पडतात, कारण दोघांचं काम वेगळं. रिंग ऑफ प्रोटेक्शन आणि शील्ड ऑफ फेथ हा मंत्र, दोन्ही डिफ्लेक्शन, म्हणजे दोन छत्र्या. प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल हा मंत्र तिसरी छत्री. अंगठी आणि मेज आर्मर हा मंत्र (त्याचा प्रकार आर्मर) मात्र बिनधास्त एकत्र मोजा. डॉज हा सन्माननीय अपवाद: डॉजचे सगळे बोनस एकमेकांत मिळवले जातात. वजाबाकीचे आकडेही सगळे लागू होतात, फक्त एकाच कारणाचा आकडा दोनदा धरायचा नाही.

इथपर्यंत बहुतेकांना जमतं. खरी अडचण पुढच्या पायरीत आहे, आणि मीही तिथे दोन वर्षं चुकीचा हिशेब करत होते.

पायरी ४. बोनसवरचा बोनस ओळखा. एन्हान्समेंट हा प्रकार आर्मर क्लासला थेट मिळत नाही. तो दुसऱ्या एखाद्या बोनसला मोठा करतो. फुल प्लेट +१ म्हणजे ८चा आर्मर बोनस, त्याला १ची एन्हान्समेंट, मिळून ९. त्याच चिलखतावर आठव्या लेव्हलच्या क्लेरिकनं (मंत्र म्हणणाऱ्या पुजाऱ्यानं) मॅजिक व्हेस्टमेंट हा मंत्र टाकला तर +२ मिळतं, पण तीही एन्हान्समेंटच. चिलखतातला १ त्याखाली झाकला जातो. एकूण १०, ११ नव्हे. बार्कस्किन हा मंत्र आणि अ‍ॅम्युलेट ऑफ नॅचरल आर्मर हा ताईत यांचंही तसंच. दोन्ही नॅचरल आर्मरला एन्हान्समेंट देतात, म्हणून मोठा आकडा धरायचा. पण ज्या प्राण्याला जन्मजात जाड कातडी आहे त्याला ती कातडी अधिक बार्कस्किन असं दोन्ही मिळतं. ‘नॅचरल आर्मर नॅचरल आर्मरवर चढत नाही’ असं पाठ करून बसलेला डीएम (खेळ चालवणारा) ड्रुइडच्या अस्वलावर अन्याय करतो. मी तो केलेला आहे.

आता एक पूर्ण उदाहरण. आठव्या लेव्हलचा फायटर. अंगात फुल प्लेट +१, हातात साधी हेवी शील्ड (२), डेक्स्टेरिटी १, अंगठी +१, अ‍ॅम्युलेट +१. त्याचे साथीदारही आठव्याच लेव्हलचे. ते प्रेमानं त्याच्यावर मॅजिक व्हेस्टमेंट (२), मेज आर्मर (४), शील्ड ऑफ फेथ (३), बार्कस्किन (३) आणि हेस्ट (डॉज १) टाकतात. सगळे आकडे मिळवणाऱ्याचं उत्तर ३७. खरं उत्तर पाहा: १०, आर्मर १०, शील्ड २, डेक्स्टेरिटी १, डिफ्लेक्शन ३, नॅचरल आर्मर ३, डॉज १. बेरीज ३०. सात आकड्यांचा फरक, म्हणजे वीस बाजूंच्या फाशाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग.

आणि या तिसातही एक आकडा वाया गेला आहे. मॅजिक व्हेस्टमेंट ढालीवरही टाकता येतं. ढाल कोरी आहे, तिथे पूर्ण २ मिळतात. चिलखतावर १ आधीच होता, म्हणून तिथे एकाचीच भर पडली. ढालीवर टाका, बेरीज ३१ होते. क्लेरिक खेळणाऱ्या प्रत्येकाला माझं आग्रहाचं सांगणं आहे: आधी कोरी खुंटी शोधा, मग मंत्र म्हणा.

पायरी ५. हरलेला बोनस खोडू नका. ही चूक सगळ्यात महागात पडते. लहान बोनस नाहीसा होत नाही, मोठ्याच्या सावलीत उभा राहतो. मोठा संपला किंवा निकामी झाला की तो पुढे येतो. वरच्या उदाहरणात मेज आर्मरचा उपयोग शून्य दिसतो, आणि ऑर्कच्या कुऱ्हाडीपुढे तो शून्यच आहे. पण शॅडोसारख्या अशरीरी शत्रूचा स्पर्श लोखंडातून, ढालीतून, कातडीतून आरपार जातो. त्याच्यापुढे उरतात डेक्स्टेरिटी, डिफ्लेक्शन आणि डॉज, म्हणजे १५. मेज आर्मर मात्र फोर्सचा, म्हणजे निव्वळ जादूई शक्तीचा, बनलेला असतो. तो अशा स्पर्शालाही अडवतो. १५चे १९ होतात.

आमच्या टेबलावर नेमकं हेच घडलं. फायटर खेळणाऱ्या मुलानं मला विचारलं, ‘ताई, मेज आर्मर खोडू ना? प्लेट मोठी आहे.’ मी ‘हो’ म्हटलं. तासाभरानं पडक्या देवळाच्या तळघरात शॅडो आले. एकाची बेरीज १७ आली. शीटवर टच (नुसत्या स्पर्शाच्या हल्ल्यासाठीचा आर्मर क्लास) १५ होता, मी ‘लागला’ म्हटलं. फायटरची स्ट्रेंग्थ आधीच खूप शोषली गेली होती, या स्पर्शानं ती शून्यावर आली. शॅडोच्या स्पर्शानं असं मरण आलं की मेलेला स्वतः शॅडो होऊन उठतो. दीड वर्ष वाढवलेलं ते कॅरेक्टर होतं. चार दिवसांनी नियम पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं की मेज आर्मर चालू होता आणि तो स्पर्श लागायलाच नको होता. मी त्या मुलाला फोन करून माफी मागितली आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर तो प्रसंग मागे फिरवला. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: हरलेला आकडा त्याच खुंटीपुढे कंसात लिहायचा, आणि फोर्सचा असेल तर त्यावर गोल करायचा.

पायरी ६. प्रत्येक मंत्रापुढे वेळ लिहा. लेव्हलमागे मेज आर्मर आणि मॅजिक व्हेस्टमेंट एक तास, बार्कस्किन दहा मिनिटं, शील्ड ऑफ फेथ एक मिनिट, हेस्ट एक फेरी. शील्ड ऑफ फेथ संपलं की अंगठीचा १ आपोआप पुढे येतो. खोडला नसेल तर.

पायरी ७. टच आणि बेसावध असे दोन आकडे वेगळे काढून ठेवा. बेसावध असताना डेक्स्टेरिटी आणि डॉज दोन्ही जातात. ब्लर आणि डिस्प्लेसमेंट हे मंत्र या बेरजेत आणू नका. ते वार चुकण्याची शक्यता देतात, पहिला २० टक्के, दुसरा ५० टक्के, आणि तो फासा वेगळा.

पाचव्या आवृत्तीत प्रकार जवळजवळ गेले आहेत. तिथे आधी पाया एकच निवडायचा: चिलखत, किंवा मेज आर्मरचे १३ अधिक डेक्स्टेरिटी, किंवा मंकचे १० अधिक डेक्स्टेरिटी अधिक विझ्डम. मंकवर मेज आर्मर टाकून विझ्डमही मिळवणारे मला दर वर्षी भेटतात. तसं होत नाही. बार्कस्किन तिथे बोनस नसून किमान मर्यादा आहे, २०१४च्या पुस्तकात १६ आणि २०२४च्या पुस्तकात १७. पायावर ढालीचे २ (मंकचा पाया सोडून), रिंग ऑफ प्रोटेक्शनचा १ आणि क्लोक ऑफ प्रोटेक्शनचा १ असे सगळे मिळवता येतात, कारण नावं वेगळी आहेत. मात्र अंगठी आणि क्लोक, दोघांनाही अट्यूनमेंट (वस्तूशी जादूई नातं जुळवणं) लागते आणि तिच्या जागा तीनच असतात. शील्ड ऑफ फेथ आणि हेस्ट हे दोन्ही कॉन्सन्ट्रेशनचे मंत्र (एका जादूगाराला असा एका वेळी एकच टिकवता येतो), म्हणून ते एकाच वेळी हवे असतील तर दोन वेगळे जादूगार लागतात.