टाचणी ओळखायची कशी, नोंदवायची कशी

टाचणी म्हणजे पाण्याकाठी दिसणारा, चतुरासारखाच पण बारीक किडा. ती बघायला सुरुवातीलाच ठोसेघर गाठू नका. सांगलीत कृष्णेचा काठ किंवा साताऱ्याजवळ संगम माहुली पुरेशी आहे. पावसाळा ओसरल्यावर, ऊन पडलं की सकाळी नऊनंतर काठच्या गवतात बघा.

आधी चतुर की टाचणी, ते ठरवा. चतुर पंख पसरून बसतो. टाचणी बहुधा पंख पाठीवर मिटून घेते आणि तिचे दोन डोळे एकमेकांपासून चांगलेच लांब असतात. लेस्टीस गटातल्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात, तिथे पंखांचं ऐकू नका, डोळे बघा.

मग फोटो. खाली वाकून हळूहळू जवळ जा, आपली सावली तिच्यावर पडू देऊ नका. एक फोटो बाजूने, एक वरून आणि एक शेपटीच्या टोकाचा. हा तिसरा फोटो लोक हमखास विसरतात आणि नाव तिथेच अडतं. हाताने धरायची गरज नाही.

रंगाला भुलू नका. नर झगझगीत, मादी बरेचदा फिकी, आणि नुकतीच कात टाकून बाहेर आलेली तर आणखी फिकी. पिवळ्या शेपटीच्या दोन टाचण्या घ्या. सेरिअॅग्रिऑन कोरोमंडेलिअॅनमच्या नराची शेपटी अख्खी पिवळी, छाती हिरवट. इश्नुरा रुबिलिओच्या नराच्या पिवळ्या शेपटीवर वरून काळं असतं आणि टोकाशी निळं. शेपटीला दहा खंड असतात. निळा नेमका कितव्या खंडावर आहे, ते टोकाकडून उलटं मोजा.

आता नोंद. माझ्या मते खरं काम इथेच आहे: चुकलेलं नाव पुढे कुणीतरी दुरुस्त करतं, चुकलेली जागा कुणालाच कळत नाही. नुसतं ‘कास’ लिहून भागत नाही. पठारावरचं डबकं, तलावाचा काठ की झाडीतला ओढा? वाहत्या पाण्यावरच्या टाचण्या साचलेल्या पाण्यावरच्यांपेक्षा बऱ्याच वेगळ्या असतात. ठोसेघरचं नाव मिळालेली युफिया थोसेघरेन्सिस ही टाचणी 2021 साली जगापुढे आली, तीही ओढ्याकाठची.

कॅमेऱ्याचं लोकेशन सुरू ठेवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की ते निघून जातं, म्हणून मूळ फाइल जपा. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर फोटो टाकताना तारीख, वेळ, पाणी कसं होतं आणि जोडी अंडी घालत होती का, तेही लिहा. अंडी घालताना दिसली तर त्या नोंदीचं वजन वाढतं. अॅपने सुचवलेलं नाव डोळे झाकून स्वीकारू नका; खात्री नसेल तर ‘इश्नुरा’ एवढ्या पहिल्या नावावरच थांबा.

चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा कोयनेच्या अभयारण्यात जायचं तर आधी वनविभागाकडे परवानगीची चौकशी करा. नाहीतर घराजवळचा ओढा आहेच, तिथे दर महिन्याला जा आणि तीच ती पिवळी टाचणी दिसली तरी पुन्हा नोंदवा.