चेलो शिकताय? मग या चुका टाळा

बडोद्यात चेलो, म्हणजे बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं व्हायोलिनसारखं मोठं वाद्य, शिकवायला लागून मला बारा वर्षं झाली आणि दरवर्षी नवीन मुलं तीच जुनी चूक घेऊन येतात. हात दुखतोय आणि तरी वाजवतायत. विचारलं की म्हणणार, ताई रियाज तर करायलाच हवा ना. रियाज हवाच, पण दुखणं सोसणं म्हणजे रियाज नव्हे.

हे इतकं ठासून सांगते कारण मी स्वतः भोगलंय. तेवीस वर्षांची होते, ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम दहा दिवसांवर आलेला, रोज सहा-सहा तास वाजवत होते. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची, रात्री बाम चोळायचा, सकाळी पेनकिलर घ्यायची आणि परत बसायचं. कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी चहाच्या डब्याचं झाकण फिरवायला गेले तर अंगठ्याने पकडच घेतली नाही, डबा खाली आणि चहापत्ती ओटाभर. पुढे चार महिने चेलोला हात लावला नाही, आणि परत सुरू केलं ते दिवसाला फक्त पाच मिनिटांनी.

कारण साधं असतं, अंगठा दांडीच्या मागून चिमट्यासारखा आवळला जातो. तार दाबायला त्याचा जोर लागतच नाही, खांद्यापासून हाताचं वजन सैल सोडलं की तार दबते. म्हणून माझ्याकडे पहिला महिनाभर अंगठा दांडीपासून सुटा ठेवून स्केल, म्हणजे सरळ चढते-उतरते सूर, वाजवायची, मुलं कंटाळतात, आईवडील फोन करतात की गाणं कधी शिकवणार, पण मी यात सूट देत नाही. 25 मिनिटांचा टायमर लावा, वाजला की चेलो कुशीवर ठेवा आणि गॅलरीत फेरी मारून या. मुंग्या येत असतील किंवा रात्री झोपेत हात दुखत असेल तर वाजवणं बंद करून डॉक्टरकडे जा.

प्रख्यात चेलोवादक पाब्लो कासाल्सला संगीतकार बाखच्या सहा चेलो सुइट्सची (सुइट म्हणजे एकामागून एक वाजवायच्या रचनांचा संच) प्रत तेराव्या वर्षी बार्सिलोनाच्या एका दुकानात सापडली, आणि लोकांसमोर वाजवायच्या आधी त्याने त्यांच्यावर बारा वर्षं घातली. आमच्याकडे पहिल्या सुइटचा प्रिल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, तीन आठवड्यांत हवा असतो कारण रील टाकायचीय. मला याचा खरंच त्रास होतो.

दुसरी चूक चारही तारा एकदम काढायची. एका विद्यार्थ्याच्या बाबांनी व्हिडिओ बघून साफसफाईसाठी चारही तारा उतरवल्या, आतून टक् असा आवाज आला आणि साऊंड पोस्ट पडला. ही वरच्या आणि मागच्या फळीमध्ये उभी असलेली लाकडाची बारीक काडी, तिला गोंद लावलेला नसतो, तारांच्या दाबाने फळ्यांमध्ये घट्ट धरून राहते. त्यांना कळलं नाही, नव्या तारा ताणून बसवल्या, आणि आधार नसलेली वरची फळी ब्रिजच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी घोडीच्या, पायाखाली चिरली. माझ्या ओळखीतला कारागीर मुंबईत, तिथे चेलो नेला, दोन महिने गेले आणि मुलाची परीक्षा बुडाली. तार एका वेळी एकच बदला, तार जिथे टेकते त्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, आणि प्रत्येक तारेनंतर ब्रिज बाजूने बघा, त्याची शेपटीकडची, म्हणजे तारा खाली अडकवतात तिकडची, बाजू फळीशी काटकोनात हवी, पुढे झुकला असेल तर दोन्ही हातांनी हळूच मागे घ्या.

बाकीचं थोडक्यात. वाजवून झालं की बो, म्हणजे वाजवायचा गज, सैल करा, रोज. मे महिन्यात चेलो गाडीत ठेवून अलकापुरीत खरेदीला जाऊ नका, सांध्यांचा सरस उष्णतेने सुटतो. पावसाळ्यात तारा ताणायच्या खुंट्या फुगून अडकतात, पकड लावू नका. गुळगुळीत टाइल्सवर चेलो ज्यावर टेकतो तो खालचा पिन सरकतो, तो अडवायला खुर्चीच्या पायाला पट्टा बांधा. फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटं दाबायच्या काळ्या पट्टीवर, सुरांच्या खुणांचे स्टिकर लावू नका, तानपुऱ्याचं अॅप लावा आणि कानाने सूर शोधा.

आणि स्टेजवर हात थरथरतो म्हणून घरातल्या कुणाची तरी ब्लडप्रेशरची गोळी गिळणं, हे तर अजिबात नको. त्यातली प्रोप्रानोलॉलसारखी गोळी दमा असणाऱ्याला धोक्याची ठरते. त्यापेक्षा कार्यक्रमाच्या आधी तीन वेळा शेजारच्या काकूंसमोर पूर्ण तुकडा न थांबता वाजवा, चुकला तरी पुढे जा.

उत्तरायणाला पतंग उडवू नका असं बडोद्यात राहून मी म्हणणार नाही, पण डाव्या हाताच्या बोटांना आधीच टेप गुंडाळा. मांज्याने कापलेलं पहिलं बोट घेऊन 16 जानेवारीला दरवर्षी कुणी ना कुणी क्लासला येतंच, आणि त्या आठवड्यात मी त्यांच्याकडून फक्त उघड्या तारांवर बो चालवून घेते.