मिस्ट्री शॉपिंगचा रिपोर्ट लिहिताना या चुका टाळा

काल रात्री साडेअकराला माझ्यासमोर पाच पेट्रोल पंपांचे पाच रिपोर्ट होते. लिहिणारा एकच. पाचही पंपांवर कर्मचाऱ्याने 'हसतमुखाने स्वागत केले', पाचही ठिकाणी 'एकूण अनुभव समाधानकारक होता'. चौथ्यात तर गाव बदलायचंही राहून गेलं होतं. पंप भोरचा, मजकुरात सासवड. पाचही परत पाठवले. सकाळी सहाला मेसेज: "मॅडम, सगळीकडे सारखंच असतं, वेगळं काय लिहू?"

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. सेवा कशी मिळते ते कंपनीला कळावं म्हणून, आपण कोण ते न सांगता, साधं गिऱ्हाईक बनून दुकानात, पंपावर, बँकेत जायचं, सांगितलेल्या गोष्टी बघायच्या आणि घरी येऊन फॉर्म भरायचा. त्यात हो-नाहीचे चौकोन असतात, आणि शेवटी एक मोकळी जागा, जिथे घडलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. त्याला नॅरेटिव्ह म्हणतात. मी चार वर्षं शॉपर होते, आता असे रिपोर्ट तपासते. चौकोन सगळेच भरतात. माती होते ती नॅरेटिव्हमध्ये.

जुना मजकूर चिकटवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा जास्त बोलते.

सोन्याच्या दुकानांचं काम होतं. एकाच पेढीच्या दोन शाखा, शनिवारी एक, रविवारी दुसरी. शनिवारचा रिपोर्ट मन लावून लिहिला. काउंटरवरचा मुलगा कंटाळलेला, पाणीसुद्धा विचारलं नाही, घडणावळ किती टक्के ते दोनदा विचारल्यावर सांगितलं. रविवारी परत आले तर घरी पाहुणे. म्हटलं, पेढी तीच, प्रश्न तेच. शनिवारचा मजकूर उचलला, चार शब्द इकडचे तिकडे केले, 'तो'ची 'ती' केली आणि पाठवून दिला. चौकोनही त्याच ओघात भरले.

मराठीत ही चलाखी अंगाशी येते, कारण आपल्याकडे क्रियापदसुद्धा चुगली करतं. पहिल्या तीन वाक्यांत 'ती म्हणाली', चौथ्यात 'त्याने ट्रे काढला', पुढे 'मग तो उठून आत गेला'. तपासणाऱ्याच्या नजरेतून ते निसटलं. शाखेच्या मॅनेजरच्या नजरेतून नाही. 'पाणी विचारलं नाही' यावर त्यांनी हरकत घेतली आणि सोबत सीसीटीव्हीचं चित्रण जोडलं. चित्रणात मी बसले आहे, पुढ्यात पाण्याचा ग्लास, आणि ती मुलगी चहाचा कप माझ्याकडे सरकवते आहे. तो चहा मी प्यायले होते. साखर जास्त होती, हेही मला आठवत होतं. लिहिलं मात्र शनिवारचं.

त्या भेटीचे माझे साडेतीनशे रुपये गेले ते गेले. पण त्या मुलीचा महिन्याचा इन्सेंटिव्ह माझ्या रिपोर्टवरून मिळणाऱ्या गुणांवर ठरणार होता, आणि दुरुस्ती होईपर्यंत तो अडकून पडला. हे मला पुढे उडत उडत कळलं. 'दोन-चारशे रुपयांसाठी किती डोकं घालायचं' असं कोणी म्हणालं की मला तो कप दिसतो.

तेव्हापासून नवा रिपोर्ट लिहिताना मी जुना उघडतच नाही. दुकानातून निघाले की पहिल्या अमृततुल्यात बसायचं किंवा रिक्षा करायची, आणि फोन कानाला लावून स्वतःलाच व्हॉइस मेसेज पाठवायचा. बघणाऱ्याला वाटतं बाई बहिणीशी बोलतेय. बोलायचंही तसंच. बहिणीला आपण 'माझे स्वागत करण्यात आले' असं सांगत नाही, 'अगं, दहा मिनिटं उभी होते, कोणी ढुंकून बघेना' असं सांगतो. आणि मी उलट्या क्रमाने सांगते: आधी निरोप, मग बिल, मग बोलणं, शेवटी दार. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. निघतानाचं ताजं असतं आणि घरी पोचेपर्यंत तेच आधी विसरतं, एवढंच.

नव्या लोकांना मी सांगते, दुसऱ्या पंपावर घडलं नसतं असं एक तरी वाक्य लिहा. एका पठ्ठ्याने ते इतकं मनावर घेतलं की हवेच्या मशीनवर झोपलेलं मांजर लिहिलं. मी खूश. पुढच्या तीन पंपांवरही मांजर झोपलेलंच.

'छान', 'उत्तम', 'फ्रेंडली'

हा माझा दुसरा राग. 'कर्मचारी अतिशय नम्र व तत्पर होता.' कशावरून? आणि पंपावरचा मुख्य प्रश्न तर झिरोचा असतो. त्यावर नव्वद टक्के लोक लिहितात, 'झिरो दाखवला.' आता हे वाचा:

'नोझल टाकीत घालताना तो "झिरो बघा" म्हणाला, पण तेव्हा मी पर्समधून पैसे काढत होते. मी वर बघेपर्यंत आकडा चाळीस रुपयांवर गेला होता.'

यात विशेषण एकही नाही. मुलगा नियम पाळतो, पण गिऱ्हाईक बघेपर्यंत थांबत नाही, हे पंपमालकाला न सांगता कळतं. शिवाय उद्या त्याने हरकत घेतली तर तुमच्याजवळ उत्तर आहे.

सोन्याच्या दुकानातही तेच. 'हॉलमार्क दाखवला' म्हणजे नेमकं काय दाखवलं? दागिन्यावर तीन खुणा असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला २२के९१६), आणि अक्षर-आकडे मिळून सहांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. तेव्हा भिंग हातात दिलं की 'असतो हो मॅडम' म्हणून वाटेला लावलं, ते लिहा. फक्त त्यासाठी ते आधी माहीत हवं, आणि जाण्यापूर्वी सूचनापत्रक वाचायला लोकांना वेळ नसतो. पैसे कधी जमा होणार हे विचारायला असतो.

बाकीच्या चुकांवर फार बोलण्यासारखं नाही. चौकोनात 'हो' आणि नॅरेटिव्हमध्ये 'नाही' असं ठेवू नका. पाठवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून वाचा. वेळ 'अंदाजे पाच मिनिटं' नको, आत शिरताना आणि नंबर लागल्यावर घड्याळ बघा. नावाची पट्टी दिसली नाही तर नाव ठोकून देऊ नका. चष्मा, दाढी, निळा शर्ट, तीन नंबरचा काउंटर एवढं पुरतं. रंग आणि जाडी यांबद्दल लिहू नका, मी खोडते. 'व्यवस्थापनाने स्टाफ वाढवावा' असला सल्ला कोणी मागितलेला नाही. आणि काउंटरसमोर उभं राहून मोबाइलमध्ये टिपणं काढू नका. तुम्ही कोण ते आतल्या पोऱ्यालाही कळतं.

हल्ली एक नवीन खूळ आलंय, एआयकडून लिहून घेण्याचं. चौकोनांची उत्तरं टाकायची आणि 'संस्मरणीय खरेदी-अनुभव' बाहेर काढायचा. व्याकरण सुरेख, पण ते यंत्र दुकानात गेलेलं नसतं. अशा एका रिपोर्टमध्ये पंपावर 'मंद संगीत' वाजत होतं. मी फोन केला, विचारलं कुठलं गाणं. तिकडे शांतता.

तुटक लिहा, बोलीत लिहा, शुद्धलेखन मी बघते. ऱ्हस्व-दीर्घावरून मी कधीच रिपोर्ट परत पाठवलेला नाही.

आणि बिलाचा फोटो तिथल्या तिथे काढा. ते थर्मल कागदाचं असतं, पाकिटात आठवडाभर राहिलं की अक्षरं उडतात. कोरा कागद स्कॅन करून 'मॅडम, यावर होतं' असं कळवणारे या महिन्यात दोन झाले.